हरणीचा वाटा

केळापूर
११ डिसेंबर १९६०

नेमसिंग,

कुत्री पोचली, हे मीच कळवून राह्यलो, कारण तू तं एका ओळीनंही इचारलं नाही. दिग्रसहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, दोन एसट्या बदलल्या, पण बाईनं तोंडातून आवाज काढला नाही. कंडक्टर म्हणे, मास्तर, हे बकरू होय का हरीण? मी म्हणलो, शिकारी कुत्री होय. तो जो हसला तो पांढरकवड्यापर्यंत हसत होता.

मी तुले राखणीले गावठी पिल्लू मांगतलं होतं. आमचं घर बस्तीच्या टोकाले, मी दिवसभर शाळेत, घरात आई, सत्यशीला अन् चार वर्साची सुजाता. तू ही देली. तोंड सुपारीच्या अडकित्त्यासारखं, कंबर नाहीच, बरगड्या दुरून मोजून घ्या. लोक म्हणते, मास्तर पगार खाते अन् कुत्रीले उपाशी मारते. पाव्हणा आला तरी भुंकत नाही, चोर आला तं काय भुंकन? माह्या हातची भाकर घेत नाही. मी तिले पाहून राह्यलो अन् ती माह्या खांद्यावरून पल्याडचं कायतरी पाहून राह्यली. पोट्टीची अन् तिची मात्र पह्यल्या दिवसापासून गट्टी. सुजाता तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपते, अन् सत्यशीला घडीघडी उठून पोट्टीचा श्वास पाहते.

अन् परवा तिनं ससा आणला. अंगावर रक्त नाही, मान तेवढी लोंबलेली. दारात ठेवला अन् माह्या तोंडाकडं पाहत बसली. आई चुलीकडं निघाली होती, मी अडवली. आपण पंचशील घेतलं, जीव मारून आणलेला आपल्या चुलीवर चढणार नाही म्हणलो. आई म्हणे, "शील मारू नको म्हणते. खाऊ नको कुठी म्हणते?" मी ससा बाभळीखाली गाडून टाकला. कुत्री शेवटच्या ढेकळापर्यंत पाहत होती.

आता खरं सांग. इंटरले दोन वर्स एका खोलीत राह्यलो आपण, तू कधी मले बिडी फुकट देली नाही. ही कुत्री काहून देली? आई म्हणते, कोणाले तरी चावली असन. दिग्रसच्या स्टँडवर तू दोरी माह्या हातात देली अन् गाडी सुटाच्या आधीच पाठ फिरवली. अन् कुत्री तुह्याकडं पाहत नव्हती, तांड्याच्या रस्त्याकडं पाहत होती. हे मी तवाच पाह्यलं होतं.

धर्मपाल


तांडा, दिग्रस
१९ डिसेंबर १९६०

धर्मा,

तुहं पत्र वाचून वाटलं, मी कुत्री नाही, फरारी आरोपी पाठवला.

ऐक. आमचे आजे-पणजे बैलाईच्या पाठीवर धान-मीठ लादून मुलूखभर फिरत, तवापासून हे कुत्रे तांड्यासंगं हायत. बैलाच्या सावलीत चालाचे अन् ससा उठला का तीर सुटल्यासारखे सुटाचे. याईच्या बरगड्या दिसल्याच पाहिजे. दिसल्या नाही तं समज का तू तिले बिघडवली. जवारीची भाकर ताकात कुस्करून दे, हातावर नको, भांड्यात. भुंकाचं काम गावठी कुत्र्याचं. ही पाहते. वावराच्या पल्याड कान हलला तरी हिले दिसते. नाकाच्या बाबतीत मात्र आमची याडी, म्हणजे आई, म्हणते, ते देवानं नुसतं शोभेले लावलं.

पोट्टीची काळजी नको. लेकरानं शेपटी पिळली तं ही उठून दुसरीकडं जाऊन बसन.

ससा गाडला ते वाईट केलं. आमच्याइथं शिकारीचे वाटे पडते तवा कुत्र्याचा वाटा माणसाच्या बरोबरीनं पडते, अन् तो पह्यला. मंग नायकाचा, मंग बाकीच्याईचा. तू खाऊ नको, तुहं शील तुह्यापाशी. पण तिचा वाटा तिले दे. नाही देल्ला तं तिचं मन तुह्या दारातून उठन.

फुकट काहून देली म्हणतं. मी आता सोसायटीत नोकरीले, बुटं घालून शिकार होते का? इथं तिले पाहाले कोणी नाही. एवढंच. तुह्या आईले सांग, कोणाले चावली नाही.

तिचं नाव हरणी हाय. हाक मारशीन तं येईन.

नेमसिंग


केळापूर
१७ जानेवारी १९६१

नेमसिंग,

तुह्या हरणीनं चोर धरला. धरला म्हणजे, धरलाच म्हणाव लागते.

आमचं विहार म्हणजे अजून चार भिंती अन् टिनाचं छप्पर. त्यात एकच किमती चीज, गॅसबत्ती. सगळ्या बस्तीनं कापूस वेचाईच्या मजुरीतून वर्गणी करून जयंतीसाठी घेतली होती. पेटली का बायाच नाही, म्हातारेही सावली पाडून पाहत. ती बत्ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली. फकिरा आमचा सेक्रेटरी होय, तोच बोंबलत आला. जे फडकं बत्तीले गुंडाळलेलं राहे, तेवढं खाली पडलेलं.

पांढरकवड्याच्या टाकीजमंदी कोणीतरी पोलिसाचा कुत्रा पाह्यला होता. फकिरा म्हणे, मास्तरच्या घरी शिकारी कुत्री हाय, हुंगवा तिले फडकं. मले बरं वाटलं, लपवत नाही. एवढे दिवस तिच्यापायी हसं करून घेतलं होतं, म्हणलं आज बस्तीच्या कामी येईन. फडकं नाकाशी नेलं. तिनं तोंड फिरवलं, जराशी उभी राह्यली, अन् निघाली. इकडं पाह्यलं नाही तिकडं पाह्यलं नाही. सरळ श्रावणच्या दारात जाऊन बसली. सगळी बस्ती मांगं.

श्रावण कोण, तं एकटा राहणारा माणूस. आधी बाजात सनई वाजवे. दुसऱ्याच्या लग्नात बाजा वाजवाचं बस्तीनं सोडलं तवा यानं सर्वांच्या शेवटी सोडलं, म्हणून लोकाईच्या मनात तो अजून अर्धा बाहेरचाच. त्याच्या घरात बत्ती निघाली नाही. फकिरा म्हणे, विकून मोकळा झाला असन. मी इचारलं, श्रावण, कुत्री तुह्याच दारात काहून आली? तं माह्या डोळ्यात डोळे घालून म्हणते, "ते मास्तरनं आपल्या घरी इचाराव."

चोरी करून वरून मलेच टोमणा. माह्या घराचा याच्यात काय संबंध? माणूस निर्दोष असता तं शपथ घेतली असती, रडला असता. हा दार लावून आत गेला.

येत्या पोर्णिमेले बैठक हाय. आगपाणी बंद करून त्याले बस्तीबाहेर काढाचं ठरून राह्यलं. मले साक्ष द्याची हाय, कारण कुत्री माही. आता या जातीच्या कुत्र्याच्या हुशारीबद्दल दोन ओळी तू लिहून पाठव, बैठकीत वाचून दाखवतो.

धर्मपाल

ता.क. नेमसिंगभाऊ, जय भीम. हे पत्र डाकेत टाकाले माह्यापाशी देल्लं, तवा कोपऱ्यात लिहून घेतो. माणूस चोर हाय का नाही मले माहीत नाही. पण कुत्री आजकाल सकाळी घरी राहत नाही अन् भाकरीले तोंड लावत नाही, तरी वाळली नाही. आमच्या सासूबाईच्या लुगड्याले परवा धुराचा वास होता, आमच्या चुलीचा नाही. मी कोणावर आळ घेत नाही. फक्त तुमाले सांगते. — सत्यशीला


तांडा, दिग्रस
२२ जानेवारी १९६१

धर्मा,

हे पत्र पोर्णिमेच्या आत पोचाव म्हणून मी स्वतः दिग्रसले जाऊन टाकून राह्यलो. वाचून खिशात ठेवू नको, वहिनीले दे.

दोन ओळी मांगतल्या, त्या या: ही कुत्री वासावर चालत नाही. तिच्या नाकाले बत्तीचं फडकं काय अन् तुह्या शाळेचा नकाशा काय, सारखंच. मी डिसेंबरातच लिहिलं होतं, तू बरगड्याईपर्यंत वाचलं वाटते. ती श्रावणच्या दारात बसली, कारण त्या दारात तिले वाटा भेटते. दुसरं कारण नाही. या जातीले मी लहानपणापासून पाहतो. जो शिकारीचा वाटा देते तो तिचा माणूस. मंग दोरी कोणाच्याही हातात असो.

पण ही दार हुंगत जात नाही, तिनं ते दार पाह्यलेलं पाहिजे. तिले तिथं पह्यल्यांदा कोण घेऊन गेलं? तुह्या घरून कोणीतरी गेलं. वहिनीनं धुराचं लिहिलं हाय, त्याचा इचार कर. अन् तो माणूस गप्प काहून हाय हेही कर. तुमी शील घेतलेले लोक, त्यानं ससा भाजतो म्हणून भर बैठकीत सांगाव का?

आणखी एक. तुह्या एवढ्या लांब पत्रात विहाराचं कुलूप कोणी तोडलं ते कुठीच नाही. किल्ली कोणापाशी राहते?

वहिनी, तुमाले एक सांगतो. बैठकीत तिले दुसरं काहीही हुंगवून पाहा. मास्तरची टोपी हुंगवा.

एका मुक्या जनावराच्या भरवशावर माणसाले घराबाहेर काढू नका.

नेमसिंग


केळापूर
३ फेब्रुवारी १९६१

नेमसिंगभाऊले सत्यशीलाचा जय भीम.

मास्तर लिहीत नाही, मी लिहिते. तुमचं पत्र बैठकीच्या दिवशीच भेटलं. त्याईनं वाचलं, माह्या हातात देल्लं अन् टोपी घालून विहारात गेले. म्हणून मी कुत्री घेऊन मांगून गेली.

श्रावणभाऊ सतरंजीच्या बाहेर मातीवर बसले होते. फकिराभाऊ उभे राहून बोलत होते. मी मास्तरच्या डोक्यावरची टोपी काढली अन् हरणीच्या नाकाशी धरली. लोक म्हणे, मास्तरीणबाईले काय झालं. हरणीनं टोपीकडं पाह्यलंही नाही. सोडली तशी गेली अन् श्रावणभाऊच्या म्होरं बसली. मंग मी फकिराभाऊचं उपरणं मांगतलं. ते देऊन नाही राह्यले होते. बाजूच्या म्हातारीनं ओढून देल्लं. हरणी पुन्हा श्रावणभाऊच्या म्होरं. मंग एकानं आपली चप्पल देली, मंग एकीनं लेकराचं टोपरं. दरखेपी तेच. कोणीतरी हसलं. मंग सगळेच हसले, अन् मंग एकदम चूप झाले, कारण कशावर हसलो ते समजलं.

तवा श्रावणभाऊ बोलले. म्हणे, "पहाटी वावरात जातो. ती ससा धरते. मी भाजतो. पह्यला वाटा तिचा, राह्यलेला माहा. चोरी म्हणत असान तं एवढीच हाय."

कोणी इचारलं, पण कुत्री तुह्याकडं आलीच कशी? ते गप्प. आमच्या सासूबाई सतरंजीचा धागा काढत बसल्या होत्या. मी नुसतं पाह्यलं त्याईच्याकडं. मंग म्हणे, हो, मीच गेलती. मास्तरनं दुसऱ्यांदा ससा गाडला तवा मी उकरून श्रावणकडं नेला, आपल्या चुलीची तं बंदी. कुत्री मांगं मांगं आली. त्यानं तिले अर्धा देल्ला. अर्ध्यातली एक टांग मी खाल्ली.

सगळ्याईच्या म्होरं मास्तरचं तोंड असं झालं का मी सांगू नाही शकत. त्याईच्या आईनं श्रावणले चोर होऊ देल्लं, पण टांगेचं नाव नाही काढलं. अन् श्रावणभाऊनं म्हातारीचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

बत्ती काल सकाळी आपल्या जागेवर होती. काच तडकलेली. कुलूप जसंच्या तसं, अन् किल्ली फकिराभाऊपाशी राहते. फकिराच्या साळ्याचं लगन झालं पाटणबोरीले, लोक म्हणते तिथं कोणीतरी अशीच बत्ती पाह्यली. फकिराभाऊ आता माह्या दारावरून जात नाही, लांबून फिरून जाते. इचारलं मात्र कोणी नाही. आम्हीही इचारलं नाही. एका आळाचं तोंड पाह्यलं, दुसऱ्याची हिंमत होत नाही.

आता तुमाले एक इचारते, राग धरू नका. तुमचे सगळे पत्र मी पुन्हा वाचले. त्याईच्यात 'तांड्याचे कुत्रे' हाय, 'या जातीले पाहतो' हाय. शिकारीचा वाटा देणारा तो तिचा माणूस, दोरी कोणाच्याही हातात असो, असंही तुमीच लिहिलं. अन् तुमी तं शिकार सोडली म्हणता. मंग तिले वाटा कोण देत होतं, भाऊ? हरणी कोणाची?

सत्यशीला


(पोस्टकार्ड)

दिग्रस
१४ फेब्रुवारी १९६१

वहिनीले नमस्कार. श्रावण सुटला, आनंद झाला. कुत्री तुमचीच समजा. बाकी इचाराचं काम नाही. सोसायटीत ऑडिट चालू हाय, लिहाले फुरसत नाही.

ने.


केळापूर
७ मार्च १९६१

नेमसिंग,

तुह्या फुरसतीची वाट नाही पाह्यली.

पांढरकवड्याच्या बाजारात मी हरणीले घेऊन गेलतो. तुमच्याकडचा पूनमसिंग बैल विकाले आला होता. त्यानं बैल सोडला अन् तिच्याकडं पाहत राह्यला. म्हणे, ही तं हिरासिंगची हरणी. मी म्हणलो नाही, नेमसिंगची. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी घरापर्यंत आणलं.

होळी झाली अन् पूनमसिंगच्या तोंडून समजून तुहा भाऊ हिरासिंग आला. दुपारी हरणी आंगणात पडली होती, मान सुजाताच्या मांडीवर. एकदम मान उचलली. वावराच्या पल्याड कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, त्याईच्या मांगं एक ठिपका. मले तं माणूस हाय का बैल तेही समजलं नाही. ती सुटली. नेमसिंग, मी तिले पळताना पह्यल्यांदा पाह्यलं. हे जनावर काय होय ते मले त्या दिवशी समजलं, अन् त्याच दिवशी समजलं का ते माहं नाही. ठिपका वावरातच खाली बसला. लय वेळ बसून होता.

घरी आला. आईनं पाण्याचा पेला देल्ला अन् हा पिते का नाही ते पाहत उभी राह्यली. प्यायला, दुसरा मांगतला. त्यानं तुह्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, म्हणून मले सगळं इचारून इचारून काढाव लागलं. पिल्लू त्यानं आणलं, त्यानं वाढवलं. तू सोसायटीत लागला, वाटण्या झाल्या, अन् कुत्री तुह्या दारातून जाऊन त्याच्या दारात बसाले लागली. तांडा हसला. तेवढं तुले सहन झालं नाही. बाजाराच्या दिवशी तो नव्हता अन् तू दोरी बांधून मले आणून देली.

इथवर मी समजू शकतो. म्होरचं नाही समजत. हिरासिंगनं कुत्री शोधत चार तांडे पालथे घातले, अन् आळ घेतला तुमच्याच तांड्यातल्या किसनसिंगवर, कारण त्यानं एकदा ती विकत मांगतली होती. दोन घरचं बोलणं बंद हाय. त्याच्या पोरीच्या सोयरिकीत हिरासिंग गेला नाही. अन् तू तिथंच होता. तिथं बसून मले लिहीत होता, जनावराच्या भरवशावर माणसाले घराबाहेर काढू नको. तुहं ते पत्र मी बैठकीत वाचलं नाही, बरं झालं. आता ते हातात घेतलं का वाटते, याच्यातला कोणता शब्द खरा?

तसं मीही तुले काय बोलाव. माह्या घरातही तेच झालं.

हिरासिंगनं फक्त एक इचारलं, तिचा वाटा इथं कोण देत होतं? मी श्रावणचं घर दाखवलं. राती तो तिथंच राह्यला. सकाळी दोघं अन् हरणी वावरात गेले. आले तवा वाटे पडले, पह्यला हरणीचा. मंग तो तिले घेऊन निघाला. मी अडवलं नाही. सुजाता रडली नाही, नाल्यापर्यंत गेली. हरणीनं दोनदा वळून पाह्यलं अन् गेली.

आता काय होते, तं पोट्टी रोज शाळेच्या वेळेले श्रावणच्या दारात जाऊन बसते. ती तिथंच येईन म्हणते. मले रोज तिले हाक माराले तिथं जाव लागते. पह्यल्या दिवशी श्रावण आत होता, बाहेर आला नाही. काल त्यानं बाज टाकून ठेवली होती. मी बसलो.

हिरासिंगनं तुले निरोप देल्ला. म्हणे, त्याले सांगा, शिकारीत त्याचा वाटा मी अजून काढतो. लेकरं खाऊन टाकते, ते वेगळं.

धर्मपाल


तांडा, दिग्रस
२० मार्च १९६१

धर्मा,

तुहं पत्र आठ दिवस खिशात होतं. ऑडिट कधीच नव्हतं.

काल भियाच्या, हिरासिंगच्या, घरी गेलो. दारात हरणी आधीच बसली होती. माह्याकडं पाह्यलं अन् माह्या खांद्यावरून पल्याड पाहाले लागली. मी बुटं काढले अन् तिच्या बाजूनं बसलो. हाक मारली नाही. तीही भुंकत नाही, मी कायले भुंकू? भोजाई मोतीबाई पाण्याले निघाली, तिनं पाह्यलं अन् आत जाऊन सांगतलं असन, कारण आतली खटपट थांबली.

लय वेळानं भिया बाहेर आला. हातात दोन भांडे. पह्यलं हरणीच्या म्होरं ठेवलं. दुसरं माह्या म्होरं.

मी भांड्याले हात लावला नाही. म्हणलो, आधी किसनसिंगच्या दारात बसून येतो.

भिया मले पाहत राह्यला. मंग भांडं उचललं अन् म्हणला, "जाऊन ये. गरम ठेवतो."

नेमसिंग